पिशव्या मोजल्या. दुखणं कधी मोजणार?

मार्च संपत आला. महिला दिनाचे बॅनर चौकात अजून तसेच आहेत. याच महिन्यात जगभर एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजाराबद्दल जागृती करतात, पिवळ्या फिती लावतात. आपल्या तालुक्यात त्याचा एक कागदसुद्धा फिरला नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा. पुरुषांनीही वाचा, कारण "पाळीत दुखतंय, गोळी द्या" म्हणून काउंटरवर निम्म्या वेळा तुम्हीच उभे असता.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे इथे कुणाला औषध सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. या आजारावर जगभरचे दवाखाने आणि विद्यापीठं एकत्र येऊन संशोधन करतायत. त्या संशोधनात आपल्या बायका कुठे आहेत? आणि नसतील तर ते कुणाच्या आळसामुळे?

आधी आजार काय तो थोडक्यात. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तशाच प्रकारचं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं. अंडाशयावर, नळ्यांवर, पोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर, कधी मूत्राशयावर. तिथे सूज येते, व्रण तयार होतात, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. मग पाळीत ओटीपोट आणि कंबर असं दुखतं की उभं राहता येत नाही. काहींना शौचाला, लघवीला दुखतं. काहींना नवऱ्याजवळ जाताना दुखतं, आणि ते कुणाला सांगता येत नाही. काहींना मूल राहत नाही. अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ झाली की तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात, हे नाव सोनोग्राफीच्या रिपोर्टात बऱ्याच जणींनी वाचलं असेल.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के मुली-बायकांना हा आजार असतो. जगात १९ कोटी. म्हणजे आपल्या गावच्या कन्याशाळेत चारशे मुली असतील तर त्यातल्या काही जणी आज वर्गात बेंचवर डोकं टेकवून बसल्यात, आणि बाई म्हणतायत, "एवढं काय नाटक, आम्हाला नाही का येत पाळी?"

दुकानात मला काय दिसतं ते सांगते. महिन्याच्या ठराविक दिवसांत ठराविक घरातून माणूस येतो आणि गोळीचं नाव न घेता हाताने खूण करतो. चिठ्ठी असली तर तीन वर्षांपूर्वीची. नववीत सुरू झालेली गोळी लग्नानंतरही चालूच असते, फक्त न्यायला येणारा बदलतो. आधी भाऊ, मग नवरा. आधी पहिल्या दिवशी एक पुरायची, नंतर तीन-चार दिवस दोन-दोन लागतात. याच गोळ्यांतल्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने गंभीर ॲलर्जीच्या दुष्परिणामाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. बातमी आली, दोन दिवस लोकांनी विचारलं, तिसऱ्या दिवशी विक्री पूर्ववत. लोकांना दोष नाही देत मी. दुखणाऱ्या बाईला दुसरं काय दिलंय आपण?

या दहा-बारा वर्षांच्या गोळ्यांच्या प्रवासात "तुला हे नेमकं काय होतंय?" असा प्रश्न नीट बसून कुणीच विचारत नाही. आई म्हणते लग्न झालं की थांबेल. सासू म्हणते मूल झालं की थांबेल. डॉक्टर लिहितात "पिशवीला सूज" आणि अँटिबायोटिक देतात. पस्तिशीत शेवटचा सल्ला येतो, "काढून टाका पिशवी."

आता आपल्या बीड जिल्ह्याचं. हे सगळ्या देशाला माहीत आहे, आपल्याला विसरायला आवडतं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्यानंतर खासगी दवाखान्यात पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली.

परवानगीचा नियम चांगलाच झाला. पण माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सरकारी आकडा काढलेल्या पिशव्यांचा आहे. ज्या दुखण्यापायी ती बाई दवाखान्यात गेली, त्या दुखण्याचा आकडा कुठाय? मी असं अजिबात म्हणत नाही की त्या सगळ्यांना एंडोमेट्रिओसिस होता. बहुतेकींना नसेलच. कुणाला अंगावरून पांढरं जात होतं, कुणाला कॅन्सरची भीती घातली, कुणाला फडात पाळी परवडत नव्हती. पण पोटावाटे ऑपरेशन करताना प्रत्येक वेळी एका बाईचं पोट उघडलं गेलं. त्या वेळी अंडाशय कसं दिसलं, आवरणावर डाग होते का, आतडं चिकटलं होतं का, हे ठरलेल्या एका फॉर्मवर लिहून एका जागी जमा केलं असतं, तर आज आपल्या भागातल्या बायकांच्या पोटात काय चालतं याची एवढी मोठी माहिती हातात असती की पुण्या-मुंबईचे प्रोफेसर ती बघायला इथे आले असते. आपण पिशव्या मोजल्या आणि फाइल बंद केली.

वर आणखी एक गोष्ट. हा आजार पिशवीच्या बाहेर असतो. त्यामुळे नुसती पिशवी काढून तो जाईलच असं नाही. पिशवी गेली, दुखणं राहिलं, अशी बाई कुठे जाणार? ती पुन्हा माझ्याच काउंटरवर येते.

"संशोधनाचं काय एवढं? डॉक्टरांना कळत नाही का?" असं कुणी म्हणेल. तर ऐका. हा आजार विचित्र आहे. डॉक्टर लोक त्याला चार पायऱ्या लावतात, पण पहिल्या पायरीवरची बाई जमिनीवर लोळते आणि चौथ्या पायरीवरचीला काहीच दुखत नाही, असंही होतं. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार असू शकतो, कारण वरवरचे बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. कारणही नक्की माहीत नाही. सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि तिथे रुजतं. पण असं उलटं रक्त बहुतेक बायकांच्या पोटात जातं, मग आजार दहातल्या एकीलाच का? या प्रश्नाला शंभर वर्षं होत आली, पूर्ण उत्तर अजून नाही.

एका दवाखान्यात बसून याचं उत्तर मिळणारच नाही. एका डॉक्टरला वर्षाला पन्नास रुग्ण दिसतात, त्यावरून तो आपला अनुभव सांगतो. दुसऱ्याचा अनुभव उलटा. शिवाय एकजण दुखणं "थोडं-जास्त" असं लिहितो, दुसरा दहापैकी गुण देतो, तिसरा लिहीतच नाही. बाजारात एकाने शेरात, दुसऱ्याने किलोत आणि तिसऱ्याने मुठीने माप दिलं, तर बेरीज कशाची करणार?

हीच अडचण ओळखून जगातल्या ३४ दवाखाने-विद्यापीठांनी आणि तीन कंपन्यांनी, १६ देशांतून, एकत्र बसून एकच माप ठरवलं. २०१४ मध्ये ते जाहीर केलं. रुग्णाला विचारायचे प्रश्न एकच, ऑपरेशनची नोंद करायचा फॉर्म एकच, रक्त आणि गाठीचे नमुने कसे घ्यायचे, किती थंड ठेवायचे, तेही एकच. फॉर्म सगळ्यांसाठी खुला आणि फुकट.

असं एकत्र आल्यावर काय होतं बघा. त्याआधीच, २०११ मध्ये, १० देशांतल्या १६ केंद्रांतल्या १,४१८ बायकांची पाहणी छापून आली होती. तिच्यात दिसलं की त्रास सुरू झाल्यापासून आजाराचं नाव कळेपर्यंत सरासरी ६.७ वर्षं जातात. आणि आजार असलेली बाई आठवड्याला सरासरी १०.८ तासांचं काम गमावते. दर आठवड्याला एक दिवसाहून जास्त! ऊसतोडीला याला 'खाडा' म्हणतात आणि मुकादम त्याचे पैसे कापतो. फरक एवढाच की तिकडे त्या तासांची नोंद झाली, इकडे दंड झाला.

पुढचं २०२३ चं. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झालेला जनुकांचा अभ्यास 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आला. ६०,६७४ रुग्ण, आणि तुलनेसाठी ७,०१,९२६ आजार नसलेल्या बायका. त्यातून आजाराशी संबंध असलेल्या ४२ जागा जनुकांत सापडल्या. त्यातल्या काहींचा मायग्रेन आणि पाठदुखीशीही संबंध निघाला. म्हणजे ज्या बायकांना "तुझं रोज एक नवीन दुखणं" म्हणून हिणवलं, त्यांची दुखणी आतून जोडलेली असू शकतात, असं विज्ञान आता म्हणतंय.

पण थांबा. या साडेसात लाखांहून जास्त बायका कुठल्या? युरोपीय वंशाच्या आणि पूर्व आशियाई. आपल्या नाहीत. जगातली दर सहावी बाई भारतातली, आणि एवढ्या मोठ्या अभ्यासात ती जवळजवळ गैरहजर.

याचा परिणाम पुस्तकी नाही, धंद्याचा आहे, म्हणून मला चांगला कळतो. फ्रान्समध्ये लाळेवरून एंडोमेट्रिओसिस ओळखायची चाचणी निघाली आहे, लाळेतल्या १०९ सूक्ष्म आरएनएंवर ती चालते. तिचा अभ्यास फ्रान्समधल्या बायकांवर झाला. चांगली गोष्ट आहे, उद्या खरंच ऑपरेशन वाचेल. पण उद्या तसलीच चाचणी घेऊन एजंट आपल्या तालुक्यात येईल, लॅबवाल्याला कमिशन सांगेल, आणि ती चाचणी आपल्या बायकांवर कितपत बरोबर येते हे त्यालाही माहीत नसेल आणि लॅबवाल्यालाही. जपानमध्ये नागोयाच्या शास्त्रज्ञांना २०२३ मध्ये ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात एक विशिष्ट जिवाणू सापडला, आजार नसलेल्यांत दहा टक्क्यांहूनही कमी. अँटिबायोटिक दिल्यावर उंदरांतल्या गाठी कमी झाल्या. उंदरांतल्या! आपल्याकडे आधीच "पिशवीला सूज" म्हणून अँटिबायोटिकची खैरात आहे. इथल्या बायकांवर अभ्यास न करता हे असलं ज्ञान उचललं तर कुणाचं भलं होणार, सांगा.

आणि इथल्या बायकांचं वेगळं काही असतंच. आपल्याकडे जननेंद्रियांचा टीबी आहे. तोही पोटात दुखवतो, तोही मूल होऊ देत नाही, आणि तपासणीत कधी कधी दोन्ही आजार एकमेकांसारखे दिसतात. हा गोंधळ लंडनच्या डॉक्टरला फारसा पडत नाही, आपल्या डॉक्टरला पडतो. मग तो सोडवायचा अभ्यास कोण करणार, लंडनवाला?

आता चांगली बातमी सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. हे काम भारतात सुरू झालेलं आहे, आणि तेही आपल्या मुंबईत. परळला आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथले डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या केंद्रांना जोडून एंडोमेट्रिओसिसचा लक्षणांचा आणि जनुकांचा अभ्यास उभा राहिला. ऑक्सफर्डचं सहकार्य, आणि पैसा भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त निधीतून. वर सांगितलेली जागतिक मापंच तिथे वापरली जातात. म्हणजे चाक नव्याने शोधायचं नाही. गाडी तयार आहे, ती आपल्या स्टँडवर थांबली पाहिजे एवढंच.

आणि ती थांबत नाही याचं कारण आपण तिला हात करत नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या केंद्रांत, ज्यांच्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, त्याच बायका अशा अभ्यासांत प्रामुख्याने येणार. आमची ऊसतोडीची शांताबाई तिथवर पोचतच नाही.

इथे काही जण म्हणणार, "हा शिकलेल्या, उशिरा लग्न करणाऱ्या शहरी बायकांचा आजार आहे." हे वाक्य फार जुनं आहे. अमेरिकेत डॉक्टर लोक अनेक वर्षं याला नोकरी-करिअरवाल्या गोऱ्या बायकांचा आजार म्हणत. काळ्या बायका पोटात दुखतंय म्हणून आल्या की त्यांच्या कागदावर ठरलेलं निदान पडायचं, ओटीपोटातला जंतुसंसर्ग. १९७६ मध्ये डोनाल्ड चॅटमन नावाच्या डॉक्टरने दुर्बिणीतून तपासून दाखवलं की अशा शिक्का बसलेल्या काळ्या बायकांपैकी २० टक्क्यांहून जास्त जणींना खरा आजार एंडोमेट्रिओसिस होता. शोधला नव्हता म्हणून सापडला नव्हता. आता आपल्याकडची "पिशवीला सूज आहे, इन्फेक्शन आहे" ही चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. मला या चिठ्ठ्या रोज दिसतात. त्यातल्या किती बरोबर आणि किती चुकीच्या हे सांगायला आपल्याकडे एक चॅटमन हवा.

दुसरा आक्षेप: "लग्न करा, मूल होऊ द्या, बरं होईल." युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की फक्त आजार बरा व्हावा म्हणून बाईला गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. मूल हे मूल आहे, ते औषधाचा डोस नव्हे. सतरा-अठराव्या वर्षी पोरींची लग्नं उरकायला आपल्या जिल्ह्यात आधीच कारणं कमी नाहीत, त्यात हे आणखी एक नको.

तिसरा आक्षेप मी गंभीरपणे घेते: "परदेशी लोक आपल्या बायकांचं रक्त नेणार, पेटंट घेणार, आपल्याला काय मिळणार?" शंका रास्त आहे, आणि विचारलीच पाहिजे. पण परदेशी सहकार्याने आरोग्य संशोधन करायचं तर आपल्याकडे नैतिकता समितीची मंजुरी लागते, आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची लागते, आणि प्रत्येक बाईची लेखी संमती लागते. भांडायचंच असेल तर या मुद्द्यांवर भांडा: संमतीपत्र तिला कळेल अशा मराठीत आहे का, अंगठा घेण्याआधी कुणी वाचून दाखवलं का, निकाल तिला परत सांगणार का. आजवर परवानगी न विचारता पिशव्या काढून नेल्या तेव्हा गप्प बसलेल्यांनी आता चमचाभर रक्तावरून सार्वभौमत्व आठवू नये.

चौथा: "टीबी, रक्तक्षय, बाळंतपणातले मृत्यू, एवढे मोठे प्रश्न असताना हे कशाला?" बाई मरत नाही तोवर तिचं दुखणं रांगेत शेवटी, हा हिशोब मला मान्य नाही. आणि खर्चही तेवढा नाही. पूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन करून बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. त्याच २०२२ च्या सूचनांनी ते बदललं. आता नीट इतिहास विचारून, तपासून, सोनोग्राफी किंवा एमआरआय बघून उपचार सुरू करता येतात. दुर्बीण त्यातून उत्तर मिळालं नाही किंवा उपचार लागू पडला नाही तर. म्हणजे पहिलं हत्यार आहे प्रश्न विचारणं, आणि त्याला वीजसुद्धा लागत नाही.

सरकारने ठरवलं तर होतं. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्यमंत्र्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये या आजाराच्या बायकांची जाहीर माफी मागितली आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०२२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तर २०१७ मध्ये रुग्ण बायका आणि डॉक्टर एकत्र बसले आणि संशोधन कशावर व्हावं याचे पहिले दहा प्रश्न त्यांनी मिळून ठरवले. रुग्ण बायका! आपल्याकडे संशोधन कशावर व्हावं हे सोडा, औषध कोणतं लिहिलंय हे विचारलं तरी "तुम्हाला कळतं का मला कळतं?"

आपल्या राज्याचं काय? २०१८ च्या महिला दिनाला अस्मिता योजना आली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. चांगलीच योजना होती. पण पॅड वाटताना मुलीला "किती दुखतं?" हे विचारायची ओळ त्या योजनेत नव्हती. आपली सगळी यंत्रणा बाईकडे बघते ती दोनच वेळा, पोट आलं की आणि पोट येऊ नये म्हणून. मधली तीस वर्षं तिचं पोट तिच्यापाशी.

तक्रार करून थांबणार नाही. मागण्या लिहिते. लोकप्रतिनिधींनी वाचाव्यात, त्यांच्या पीएंनी तरी.

१. आपल्या अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर, संभाजीनगरची घाटी, आणि राज्यातली बाकीची सरकारी मेडिकल कॉलेजं परळच्या संस्थेच्या कामाला जोडा. तोच फॉर्म, तीच मापं. त्यासाठी राज्याने स्वतंत्र पैसा द्यावा.

२. सरकारी असो की खासगी, पिशवी किंवा अंडाशयाची गाठ काढायचं प्रत्येक ऑपरेशन ठरलेल्या फॉर्मवर नोंदवा. काढायचं कारण काय होतं आणि आत काय दिसलं, दोन्ही. परवानगीचा कागद जातोच आहे, त्याला आणखी एक पान जोडायला काय अडचण?

३. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शाळेच्या आरोग्य तपासणीत चार प्रश्न सक्तीने विचारा. पाळीत शाळा किंवा काम बुडतं का? गोळी घेऊनही दुखतं का? पाळीत शौचाला-लघवीला दुखतं का? लग्न झालेल्या बाईला, संबंधाच्या वेळी दुखतं का? "हो" म्हणणाऱ्या प्रत्येकीला पुढे पाठवा आणि पुढे काय झालं ते लिहा.

४. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि सोनोग्राफी करणाऱ्यांना या आजारासाठी काय बघायचं याचं प्रशिक्षण द्या.

५. संशोधनाच्या समितीवर आजार भोगलेल्या बायका घ्या. नुसत्या डॉक्टरीणबाई नकोत, फडावर जाणारीही हवी. आणि जे निघेल ते सोप्या मराठीत गावात सांगा.

यातल्या एकाही मागणीला नवी इमारत लागत नाही. त्यामुळे कोनशिला नाही, फीत नाही, फोटो नाही. कदाचित म्हणूनच अडलंय.

आणि "आमच्याकडे काढ्याने बरं होतं" म्हणणाऱ्यांना आधीच सांगते, भांडण नाही. तुमच्या रुग्णांची नोंद याच फॉर्मवर ठेवा, आधी किती दुखत होतं आणि सहा महिन्यांनी किती, ते लिहा, आणि सगळ्यांच्या मापात टाका. खरं असेल तर दिसेल. नोंद न ठेवता "हजारो बरे झाले" असं पत्रक मात्र माझ्या काउंटरवर ठेवायला आणू नका.

तुम्ही काय करू शकता? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला आणि आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिची बैठक कधी आहे ते विचारा, आणि तिसऱ्या मागणीतले चार प्रश्न कागदावर लिहून तिथे द्या, पोच घ्या. शिक्षक असाल तर पाळीत नेहमी गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या आईला बोलावून तिला डॉक्टरकडे न्यायला सांगा, रागवायला बोलावू नका. आशाताई वाचत असाल तर तुम्ही हे गेली कित्येक वर्षं बघताय, मला माहीत आहे. फक्त तुमच्या रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही. तो मागा. आणि ज्या मुलीला, बाईला हे सगळं स्वतःचं वाटतंय तिने एक करा: उद्यापासून एका साध्या वहीत तारीख, दुखणं दहापैकी किती, गोळ्या किती, काय बुडालं, एवढं लिहा. तीन महिन्यांनी ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि टेबलावर ठेवा. "थोडं दुखणारच" असं म्हणायला डॉक्टरांना मग जरा जड जाईल.

कमेंटमध्ये कुणाचं नाव, कुठला दवाखाना लिहू नका, भांडणं होतात आणि मुद्दा राहतो. फक्त एवढं लिहा: त्रास कितव्या वर्षी सुरू झाला आणि आजाराचं नाव कितव्या वर्षी कळलं. दोनच आकडे. स्वतःचे लिहायला संकोच वाटत असेल तर मला मेसेज करा, मी नाव न देता जोडेन. हे काही शास्त्रीय संशोधन होणार नाही, ते करायचं काम ज्यांचं आहे त्यांनीच करावं. पण रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीला मी ते आकडे छापून घेऊन जाणार आहे, आणि "आपल्याकडे असा आजार नसतो" असं जो कुणी म्हणेल त्याच्या पुढ्यात ठेवणार आहे.

पोस्ट शेअर करा. कॉपी केली तरी चालेल, माझं नाव नसलं तरी चालेल. मागण्या मात्र कापू नका.